बोलक्या भिंती

बोलक्या भिंती म्हणजे वर्गखोलीच्या भिंती, जमीन, दारे व खिडक्या यांचा शैक्षणिक साधन म्हणून उपयोग करण्याची पद्धत होय. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत ती रूढ आहे. एखाद्या विषयाभोवती अल्प खर्चात वर्गाची मांडणी करणे हे तिचे प्रमुख अंग आहे.

पार्श्वभूमी

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी (सध्याचा पालघर जिल्हा) येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले. माँटेसरी पद्धतीची महाग साधने ग्रामीण बालवाड्यांना परवडणारी नव्हती. त्यामुळे त्यांनी व अनुताई वाघ यांनी खडे, शिंपले, पाने, बिया अशा परिसरातील वस्तूंचा साधने म्हणून वापर केला. पुढे कबीर वाजपेयी यांच्या ‘विन्यास’ संस्थेने युनिसेफच्या साहाय्याने ‘बाला’ ही संकल्पना विकसित केली. दार उघडते त्या जागी जमिनीवर रंगविलेला कोनमापक हे तिचे परिचित उदाहरण आहे. सातारा तालुक्यातील कुमठे बीटमधील ज्ञानरचनावादी वर्ग राज्यभर परिचित झाले. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने सुरू झालेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर अशा वर्गांचा प्रसार वाढला.

विषय व मांडणी

विषय मुलांच्या अनुभवातील असावा लागतो. परभणी जिल्ह्यासारख्या कापूस, ज्वारी, तूर व सोयाबीन पिकविणाऱ्या भागात ‘शेत’ किंवा ‘आठवडी बाजार’ हे विषय सोयीचे ठरतात. बाजाराच्या मांडणीत पाट्यांमधून वाचन, देवघेवीतून बेरीज-वजाबाकी आणि तराजूतून मापन शिकविता येते.

अंकपट्टी, बाराखडी अशा कायम लागणाऱ्या गोष्टी रंगवितात, तर विषयानुसार बदलणारी चित्रे व शब्दपट्ट्या दोरीला चिमट्यांनी अडकवितात. साहित्य मुलांच्या नजरेच्या व हाताच्या टप्प्यात ठेवतात. भिंतीच्या खालच्या भागात काळा पट्टा रंगविल्यास प्रत्येकाला लिहावयास फळा मिळतो. एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसत असल्यास वाचन व गणित कोपऱ्यांमुळे शिक्षक एका गटाला शिकवीत असताना दुसरा गट स्वतंत्रपणे काम करू शकतो.

साहित्य

चिंचोके व बाटल्यांची झाकणे मोजणीसाठी, ज्वारीच्या धाटांचे तुकडे दशक-एककाच्या जुड्यांसाठी, जुन्या लग्नपत्रिका शब्दपट्ट्यांसाठी आणि पुठ्ठ्याची खोकी दुकाने किंवा पुस्तकांच्या मांडणीसाठी वापरतात.

खर्च

सर्व शिक्षा अभियानात अध्यापन साहित्यासाठी प्रत्येक शिक्षकास वर्षाला ५०० रुपये अनुदानाची तरतूद होती. समग्र शिक्षा योजनेच्या २०२१ पासूनच्या निकषांनुसार संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येवर ठरते: ३० पर्यंत १०,००० रुपये, ३१ ते १०० पर्यंत २५,००० रुपये व १०१ ते २५० पर्यंत ५०,००० रुपये. यातून वीज, पाणी, दुरुस्ती भागवून किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करावयाची असते. त्यामुळे कमी पटाच्या शाळेत सजावटीसाठी थोडीच रक्कम उरते. रंगकाम, श्रमदान व वस्तू यांसाठी शाळा व्यवस्थापन समितीमार्फत लोकसहभाग घेतला जातो.

मर्यादा

जमिनीवरील रंग वावराने झिजतो. सर्व भिंती भरून टाकल्यास मुलांचे लक्ष विचलित होते व त्यांच्या स्वतःच्या कामाला जागा उरत नाही. तयार छापील फलक आकर्षक असले, तरी ते मुलांना हाताळता किंवा बदलता येत नाहीत. सजावट केवळ तपासणीपुरती राहिली, तर झालेला अल्प खर्चही वाया जातो. मुले तिचा रोज वापर करतात का, हीच तिच्या उपयुक्ततेची कसोटी ठरते.