सालीचं वय आणि ऑर्किडची कुंडी

ऑर्किडची कुंडी दर दोन वर्षांनी बदलावी, हा सल्ला रोपवाटिकेपासून शेजाऱ्यापर्यंत सगळे देतात आणि तो झाडाच्या स्वभावातूनच आला असणार असं आपण धरून चालतो. पण सह्याद्रीत आंब्याच्या एकाच फांदीला सीतेची वेणी ही ऑर्किडची जात वर्षानुवर्षं चिकटून फुलते, तिला कुणी हलवत नाही. हा नियम झाडाचा नाहीच, तो कुंडीत भरलेल्या मालाचा आहे. आणि तो माल ठरवताना झाडाइतकाच माळ्याच्या सोयीचाही विचार झाला.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात उष्ण प्रदेशांतली ऑर्किडं जहाजांतून इंग्लंडला पोचू लागली, तेव्हा फांद्यांवर वाढणारी ही झाडं तिथल्या माळ्यांनी मातीत लावून तापवलेल्या काचघरांत कोंडली. बहुतेक मेली. दोष उष्णतेचा होता तितकाच मातीचाही. या मुळांवर मृत पेशींचं स्पंजासारखं आवरण असतं. कोरडं मूळ चंदेरी दिसतं, पाणी पडलं की बघता बघता हिरवट होतं आणि मग पुन्हा वाळायला त्याला वारा लागतो. ओल्या मातीत तो वारा मिळत नाही. जोसेफ बँक्स यांनी काटक्यांच्या टोपल्यांत शेवाळ घालून पाहिलं, ते योग्य दिशेचं पाऊल होतं. तरीही 1830 मध्ये जॉन लिंडली यांच्यासारख्या जाणकाराने सगळ्यांनाच ऊब, सावली आणि भरपूर दमटपणा सुचवला; थंड डोंगरांवरच्या जातींना ती ऊब मानवणारी नव्हती. चॅट्सवर्थच्या जोसेफ पॅक्स्टन यांनी काचघरात हवा खेळवायला सुरुवात केली, तेव्हा कुठे झाडं तग धरू लागली.

पुढे ऑस्मुंडा या नेच्याच्या मुळांचा तंतू आला. तो चिवट, सावकाश कुजणारा, हवा खेळती ठेवणारा. पण काठीने ठोकून ठोकून कुंडीत बसवावा लागे, आणि हे काम कसबाचं आणि वेळखाऊ. 1922 मध्ये लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या अगरवर ऑर्किडचं बी रुजवण्याची रीत दिली आणि रोपं हजारांनी तयार होऊ लागली. एकेक कुंडी ठोकत बसणं मग परवडेना. 1950च्या दशकात अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या लाकूड गिरण्यांत वाया जाणारी फरची साल हाती आली. ती कुंडीत नुसती ओतायची. मात्र ती लवकर कुजते, कुजताना नत्र खाते, म्हणून जास्त नत्राची खतं आली, आणि दोनेक वर्षांत तिचा चिखल होतो. आपण पाठ केलेलं वेळापत्रक मुख्यतः या सालीचं आयुष्य आहे.

यावर कुणी म्हणेल, कॅटलिया तर आडवी सरकत कुंडीच्या काठाबाहेर येते, तिला हलवायलाच हवं. खरं आहे, पण काठही माणसानेच दिला; फांदीवर तिला सरकायला मोकळी जागा असते. दुसरा आक्षेप वजनदार आहे: सिंबिडियम, पॅफिओपेडिलम यांसारख्या जाती जंगलातही कुजलेल्या पाल्यात वाढतात, त्यांना ताजं मिश्रण मानवतं. ते मान्यच करावं लागेल. पण मग वेळापत्रक जातीप्रमाणे बदलावं, सरसकट कशाला? बाजारातल्या फॅलिनॉप्सिसचीही तीच गोष्ट. तिच्या मुळांभोवती ठासलेलं शेवाळ वाहतुकीत ओल टिकवण्यासाठी असतं. घरी आणल्यावर तेच मुळं कुजवतं, तेव्हा तिथे दोन वर्षं थांबणंसुद्धा धोक्याचं.

कोकणात आणि गोव्यात सालीऐवजी नारळाच्या सोडणाचे तुकडे वापरतात. ते स्वस्त आणि हाताशी असलेले, पण त्यांतला खार दोनतीनदा भिजवून धुवावा लागतो, आणि पावसाळ्याचे चार महिने ते सुकतच नाहीत. तिथे कोळसा आणि विटांचे तुकडे जास्त घालणं बरं. ते कुजत नाहीत, त्यामुळे कुंडी बदलायची वेळ मूळ पाहून ठरवता येते. दाबल्यावर ते घट्ट लागलं तर कुंडी तशीच राहू द्यावी. आवरण सुटून हातात नुसता दोरा उरला, तर मात्र त्याच दिवशी कात्री लावावी.