रंजक-संवेदित सौरघटातील बहुवारिक जेल : एका तडजोडीचा इतिहास

प्रस्तावना

सौरघटाचा इतिहास सामान्यतः कार्यक्षमतेच्या वाढत्या आकड्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. या मांडणीत घट किती काळ टिकला हा प्रश्न दुय्यम ठरतो. रंजक-संवेदित सौरघटाच्या बाबतीत मात्र हाच प्रश्न निर्णायक ठरला आणि त्याचे मूळ घटातील द्रवरूप इलेक्ट्रोलाइटमध्ये, म्हणजेच विद्युत् विच्छेद्य पदार्थात होते. या द्रवाला पर्याय म्हणून पुढे आलेल्या बहुवारिक जेलचा ऐतिहासिक आढावा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

पूर्वपीठिका

प्रकाश आणि विद्युत्-रसायन यांचा संबंध एदमाँ बेकरेल यांनी १८३९ मध्ये दाखवून दिला. १८७३ मध्ये हेरमान फोगेल यांना रंजकामुळे छायाचित्रणाच्या काचा अधिक रंगांच्या प्रकाशाला प्रतिसाद देतात, असे आढळले. १८८७ मध्ये व्हिएन्ना येथे जेम्स मोझर यांनी रंजकाचा हाच गुण विद्युत्-अग्रावर पडताळून पाहिला. एकोणिसशे साठच्या दशकात गेरिशर व ट्रिब्युश यांनी झिंक ऑक्साइडवर याविषयी पद्धतशीर अभ्यास केला. परंतु सपाट पृष्ठभागावर रंजकाचा केवळ एक रेण्वीय थर बसत असल्याने फारच थोडा प्रकाश शोषला जाई.

ही मर्यादा १९९१ मध्ये ओलांडली गेली. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ब्रायन ओ'रेगन व मिखाएल ग्रेट्झेल यांनी टिटॅनियम डायऑक्साइडच्या सूक्ष्म कणांचा सुमारे १० मायक्रोमीटर जाडीचा सच्छिद्र थर वापरला. त्यामुळे रंजकाला कितीतरी पट अधिक पृष्ठभाग उपलब्ध झाला आणि कार्यक्षमता ७ टक्क्यांच्या पुढे गेली. या घटात प्रकाशाने उत्तेजित झालेले रंजक आपला इलेक्ट्रॉन अर्धसंवाहकाला देते. आयोडाइड आयन रंजकाची ही उणीव भरून काढतात व त्यातून ट्राय-आयोडाइड तयार होते. पुढे दुसऱ्या अग्रावर बाह्य मंडलातून आलेला इलेक्ट्रॉन घेऊन ट्राय-आयोडाइडचे पुन्हा आयोडाइड होते. हे चक्र अखंड चालण्यासाठी आयनांना सच्छिद्र थरातून मोकळेपणाने ये-जा करता येणे आवश्यक असते.

द्रवाची अडचण

आयनांच्या या वाहतुकीसाठी द्रव उत्तम. परंतु घटाच्या आयुष्याच्या दृष्टीने तोच घातक. प्रयोगशाळांत सर्रास वापरले जाणारे ॲसिटोनायट्राइल सुमारे ८२° सेल्सिअसला उकळते आणि उन्हात ठेवलेल्या पॅनेलचे तापमान हवेपेक्षा बरेच वर जाते. घटाच्या कडांतून विद्रावक झिरपतो व उडून जातो, तर आयोडीन चांदीसारख्या धातूंच्या वाहक रेषांना गंजवते.

यावरील उपायाचे बीज वेगळ्याच क्षेत्रात रुजले होते. १९७३ मध्ये शेफील्ड येथे फेंटन, पार्कर व राइट यांनी पॉलिएथिलीन ऑक्साइड अल्कली धातूंच्या क्षारांशी संकुले बनवते, असे दाखविले. पुढे मिशेल आर्मां यांनी ही संकुले विद्युत्-घटमालांसाठी सुचविली. मात्र सामान्य तापमानाला त्यांची वाहकता फार कमी पडे. १९७५ मध्ये फ्योयाद व पेर्श यांनी बहुवारिकाच्या जाळ्यात द्रव अडकवून ठेवण्याचा मार्ग दाखविला. अशा जेलचा आकार स्थिर राहतो, तरी आयनांचा प्रवास मुख्यतः आतल्या द्रवातूनच होतो.

जेलचा प्रवेश

सौरघटात ही कल्पना १९९५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील काओ, ओस्कम व सीअर्सन यांनी राबविली. पॉलिॲक्रिलोनायट्राइलवर आधारित जेल वापरून त्यांनी ३ ते ५ टक्के कार्यक्षमता मिळविली. याच सुमारास श्रीलंकेत तेन्नाकोन व सहकारी द्रवाऐवजी क्युप्रस आयोडाइड हा घन पदार्थ वापरून पाहत होते. २००१ मध्ये ब्राझीलमधील द पावली यांच्या गटाने लवचीक बहुवारिकावरील घट प्रसिद्ध केला. या सर्वांसमोर अडचण एकच होती. सच्छिद्र थरातील छिद्रे काही नॅनोमीटर रुंदीची, तर बहुवारिकाच्या साखळ्या लांबलचक. साखळ्या आतपर्यंत पोहोचल्या नाहीत, तर खोलवरच्या रंजकाला आयोडाइडचा स्पर्शच होत नाही. म्हणून मिश्रण आधी द्रवरूपात आत शिरवून तेथेच गोठविण्याची पद्धत रूढ होत गेली.

२००३ मध्ये ग्रेट्झेल यांच्या गटाने फ्लोरीनयुक्त बहुवारिकाचे जेल वापरलेला घट सादर केला. त्याची कार्यक्षमता ६ टक्क्यांहून अधिक होती आणि ८०° सेल्सिअसला १००० तास ठेवूनही तिचा ९४ टक्के भाग शिल्लक राहिला. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. या यशाचे श्रेय एकट्या जेलला देता येत नाही. जलविरोधी शृंखला असलेले नवे रुथेनियम रंजक आणि ॲसिटोनायट्राइलपेक्षा बऱ्याच उच्च तापमानाला उकळणारा विद्रावक यांचाही त्यात वाटा होता.

पुढील वळण

जेलने गळती कमी केली, पण विद्रावक पूर्णपणे हद्दपार केला नाही. त्यामुळे घट घट्ट बंद करण्याची गरज कायम राहिली. २००९ मध्ये मियासाका यांच्या गटाने याच घटात रंजकाच्या जागी पेरोव्हस्काइट वापरले. कार्यक्षमता ३.८ टक्के मिळाली, परंतु द्रवात पेरोव्हस्काइट टिकेना. २०१२ मध्ये घन वाहक वापरल्यावर हा आकडा ९ टक्क्यांच्या पुढे गेला व नव्या सौरघटांची एक स्वतंत्र शाखाच उदयास आली. म्हणजे ज्या अडचणीने जेलला जन्म दिला, तिनेच पेरोव्हस्काइटलाही घन वाहकाकडे वळविले.

समारोप

केवळ कार्यक्षमतेच्या उतरंडीत जेल-घट खालच्या पायरीवर दिसतो. द्रव इलेक्ट्रोलाइट असलेल्या घटाने २०११ मध्ये १२ टक्क्यांची मर्यादा ओलांडली होती. तथापि, टिकाऊपणा हाही मोजण्याचा व प्रसिद्ध करण्याचा निकष आहे, हे ठसविण्यात या संशोधनाचा मोठा वाटा आहे. द्रवाची गती आणि घनाचे स्थैर्य यांच्यातील ही तडजोड अपुरी होती, परंतु निष्फळ नव्हती. विज्ञानाचा इतिहास शिकविताना विक्रमांच्या यादीबरोबर अशा तडजोडींनाही स्थान दिले, तर प्रयोगशाळेतील वस्तू वापरात येण्यापूर्वी कोणत्या परीक्षा देते, हे विद्यार्थ्यांना अधिक स्पष्टपणे उमजेल.