संकेतस्थळ सरकारचे, मांडणी वाचकाची

संकेतस्थळाचे पान आपण उघडतो, तेव्हा त्याची एक प्रत आपल्या संगणकावर वा मोबाइलवर उतरते आणि ब्राउझर ती मांडून दाखवतो. या प्रतीवर वाचकाचा ताबा असतो. तिच्यातील नको ते रकाने झाकता येतात, मजकुराची लिपी बदलता येते, दुसऱ्या संकेतस्थळावरील आकडे शेजारी आणून बसवता येतात. मूळ संकेतस्थळ आहे तसेच राहते. बदल होतो तो केवळ वाचकाच्या पडद्यावर.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील मराठी भाषकांच्या दृष्टीने ही सोय चैनीची नव्हे, गरजेची आहे. २०११ च्या जनगणनेनुसार बेळगाव जिल्ह्यात मराठी मातृभाषा असलेल्यांचे प्रमाण सुमारे १९ टक्के आहे. राज्याचा कारभार मात्र कन्नडमधून चालतो. त्यातच शेतीचे पाणी, बाजारपेठ आणि नातेसंबंध महाराष्ट्राशी जोडलेले. त्यामुळे एकाच प्रश्नाचे उत्तर दोन राज्यांच्या संकेतस्थळांवर आणि दोन लिपींत विखुरलेले आढळते.

सुरुवात कोठून झाली?

या तंत्राला बहर आला तो २००५ मध्ये. त्या वर्षी गुगल मॅप्स सुरू झाले आणि पॉल रेडमाकर या प्रोग्रॅमरने क्रेगलिस्टवरील घरांच्या जाहिराती त्या नकाशावर मांडून दाखवल्या. दोन ठिकाणची माहिती एकत्र करणाऱ्या अशा पानांना ‘मॅशअप’ हे नाव पडले. त्याच सुमारास ॲरन बूडमन यांनी फायरफॉक्ससाठी ‘ग्रीझमंकी’ हा विस्तार तयार केला. युझरस्क्रिप्ट म्हणजे वाचकाने स्वतः लिहिलेला वा इतरांकडून घेतलेला छोटा प्रोग्रॅम. ठरावीक संकेतस्थळ उघडताच तो चालवून पानात बदल करणे, हे ग्रीझमंकीचे काम. पुढे क्रोमसाठी ‘टॅम्परमंकी’ आला. प्रोग्रॅम न लिहिता माहितीचे प्रवाह जोडू देणारी ‘याहू पाइप्स’ ही सेवा २००७ मध्ये सुरू झाली आणि २०१५ मध्ये बंद पडली. तिच्यावर विसंबून केलेली कामेही तिच्यासोबतच थांबली. एखाद्या कंपनीच्या फुकट सोयीवर किती भार टाकावा, याचा हा धडा होता.

लिपीचा अडसर

सीमाभागात कन्नड ऐकून समजणारे, बोलणारे, पण कन्नड लिपी न वाचता येणारे मराठी भाषक पुष्कळ आहेत. त्यांना भाषांतरापेक्षा लिप्यंतर अधिक उपयोगी पडते आणि ते अत्यंत सोपे आहे. युनिकोडमधील भारतीय लिपींची रचना भारताच्या ‘इस्की’ या प्रमाणावर बेतलेली असल्याने समान उच्चाराची अक्षरे आपापल्या लिपीच्या तक्त्यात समान स्थानी बसतात. कन्नड ‘क’ आणि देवनागरी ‘क’ यांच्या क्रमांकांत ८९६ चे अंतर आहे. ‘ग’, ‘ळ’, काना, अनुस्वार आणि अंक यांच्यातही तेवढेच. म्हणजे पानावरील प्रत्येक कन्नड अक्षराच्या क्रमांकातून ८९६ वजा केले, की बहुतांश मजकूर देवनागरीत उतरतो. दहा-बारा ओळींची युझरस्क्रिप्ट हे काम करते. कन्नडमधील ऱ्हस्व ‘ए’ आणि ‘ओ’ मराठीत नाहीत. त्यांच्यासाठी देवनागरीत असलेली वेगळी चिन्हे (ऎ, ऒ) अशा वेळी दिसतात.

मजकूर मराठीतच हवा असेल, तर यांत्रिक भाषांतराचा मार्ग आहे. गुगल ट्रान्सलेटमध्ये कन्नड २०११ मध्ये आणि मराठी २०१३ मध्ये दाखल झाली. मात्र गावांची व व्यक्तींची नावे आणि महसुली संज्ञा यांत भाषांतर हमखास चुकते. तेथे लिप्यंतरच बरे. जुन्या ‘नुडी’ टंकातील मजकूर किंवा स्कॅन केलेली कागदपत्रे यांवर यांतले काहीच थेट चालत नाही.

उतारा आणि पाणी

कर्नाटकने ‘भूमी’ प्रकल्पात सुमारे ६७ लाख खातेदारांचे २ कोटी भूमी अभिलेख संगणकावर आणले. त्यांत क्षेत्र एकर-गुंठ्यांत असते. महाराष्ट्राच्या सातबारावर ते हेक्टर-आरमध्ये असते. एक शेत निपाणीत आणि दुसरे कागलात असलेल्या कुटुंबाला दोन्हींचा मेळ घालावा लागतो. एक एकर म्हणजे ४० गुंठे आणि एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर. एवढे गणित युझरस्क्रिप्टला दिले, की एकराच्या आकड्याशेजारी हेक्टरचा आकडा आपोआप उमटतो.

पुराच्या काळात ही गरज तीव्र होते. वेदगंगा आणि दूधगंगा कोल्हापूर जिल्ह्यातून वाहत निपाणी-चिक्कोडी परिसरात येतात. काळम्मावाडी आणि कोयना धरणांतील विसर्गाची माहिती महाराष्ट्राचा जलसंपदा विभाग देतो. खालच्या भागातील पाऊस आणि अलमट्टीचा साठा कर्नाटकच्या यंत्रणा सांगतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुराने कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव या तिन्ही जिल्ह्यांना एकाच वेळी वेढले होते. हे आकडे एका पानावर, एकाच एककात दिसणे नदीकाठच्या माणसाला मोलाचे ठरते. त्यासाठी एक टीएमसी म्हणजे २८.३ दशलक्ष घनमीटर आणि एक घनमीटर प्रतिसेकंद म्हणजे ३५.३ क्युसेक, हे रूपांतर पुरते. गोव्यालाही हे परके नाही. म्हादईचा उगम खानापूर तालुक्यातच आहे.

माहिती जोडताना नावांची पंचाईत होते. १ नोव्हेंबर २०१४ पासून ‘बेळगाव’ अधिकृतपणे ‘बेळगावी’ झाले. निपाणीचे कन्नड रूप ‘निप्पाणि’ आहे. एकाच गावाची ही सर्व रूपे जोडणारी यादी आधी करावी लागते. अन्यथा आकडे चुकीच्या गावापुढे बसतात.

सावधगिरी

ब्राउझरचा विस्तार बहुधा ‘सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याची व बदलण्याची’ परवानगी मागतो. पानांचे रूप बदलणारा ‘स्टायलिश’ हा लोकप्रिय विस्तार वापरकर्त्यांचा ब्राउझिंग इतिहास गोळा करत असल्याचे २०१८ मध्ये उघड झाले आणि मोझिला व गुगल यांनी तो आपल्या यादीतून हटवला. म्हणून परवानगी हव्या त्या संकेतस्थळापुरतीच द्यावी आणि बँकेचे व्यवहार वेगळ्या ब्राउझरमध्ये करावेत. अँड्रॉइडवरील फायरफॉक्समध्ये विस्तार वापरता येतात, हे मोबाइलधारकांनी लक्षात ठेवावे.

दुसरे असे, की पडद्यावर बदललेला उतारा हा पुरावा नव्हे. खरेदीखत, कर्ज वा न्यायालयीन कामासाठी मूळ स्वाक्षरीत प्रतच लागते. पुराच्या वेळीही अंतिम शब्द प्रशासनाच्या इशाऱ्याचा.

आणि तिसरे, या युक्तीने शासनाचे कर्तव्य संपत नाही. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, तर ३५०-ब कलमाखाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकाऱ्याची तरतूद आहे. युझरस्क्रिप्ट वाचकाला समोरचे पान वाचून देईल. कार्यालयाने त्याला त्याच्या भाषेत उत्तर द्यावे, ही मागणी मात्र त्याला स्वतःच करावी लागेल.