गृहनिर्माण दायित्व, विकासकाचे (फेरनिर्धारण) : सांगली व सातारा

खाजगी जमिनीवर बांधकामाची परवानगी किंवा एखादी सवलत देताना अल्प उत्पन्न गटासाठी ठरावीक घरे अथवा भूखंड राखून ठेवण्याची जी अट विकासकावर घातली जाते तिला गृहनिर्माण दायित्व म्हणतात, आणि ती अट पुढे सौम्य करून घेणे, बदलून घेणे किंवा पैशांत भागवून घेणे म्हणजे तिचे फेरनिर्धारण होय. इंग्लंडमध्ये 1990 च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या कलम 106 खाली स्थानिक परिषद आणि विकासक यांच्यात प्रकल्पागणिक करार होतो, व प्रकल्प परवडेनासा झाल्याचा हिशेब मांडून विकासक त्याचा फेरविचार मागू शकतो. महाराष्ट्रात अट नियमातून किंवा शासनाच्या आदेशातून येते. त्यामुळे तिच्यावरची घासाघीस महापालिकेच्या नगररचना विभागापेक्षा मंत्रालयात व न्यायालयात अधिक होते, आणि तिचे फलित एका प्रकल्पापुरते न राहता शासन निर्णयाच्या रूपाने सर्वांनाच लागू होते.

सांगलीपुरता या विषयाचा गाभा म्हणजे नागरी जमीन (कमाल धारणा व विनियमन) अधिनियम, 1976, म्हणजेच बोलण्यातला ‘यूएलसी’. हा कायदा राज्यातील ज्या मोजक्या नागरी समूहांना लागू झाला त्यांत सांगलीचा समावेश होता. तेथे धारणेची मर्यादा 2,000 चौ. मी. होती व तिच्यावरील मोकळी जमीन अतिरिक्त ठरे. उत्पन्न न देणाऱ्या अशा जमिनीची भरपाई लहान समूहांत चौरस मीटरला 5 रुपयांपेक्षा अधिक मिळू शकत नसल्याने जमीन सोडण्यापेक्षा कलम 20 खाली सूट मिळवण्याकडे किंवा कलम 21 खाली दुर्बल घटकांसाठी घरबांधणीची योजना सादर करण्याकडे जमीनमालकांचा ओढा असणे स्वाभाविक होते. सूट सशर्त असे : सदनिकांचे आकारमान मर्यादित ठेवणे, काम मुदतीत पुरे करणे आणि काही सदनिका शासनाने सुचवलेल्या व्यक्तींना ठरलेल्या दराने देणे. ही सूट म्हणजे एका परीने सौदाच होता. या सौद्याची खूण आजही सातबारा उताऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात किंवा मिळकतपत्रिकेवर सापडते. सक्षम प्राधिकाऱ्याच्या परवानगीवाचून हस्तांतरण करू नये अशा आशयाचा तो शेरा असतो आणि तो कमी झाल्याखेरीज खरेदीखत किंवा बँकेचे कर्ज अडून राहते.

संसदेने 1999 मध्ये हा कायदा रद्द केला. महाराष्ट्राने हे निरसन 29 नोव्हेंबर 2007 पासून स्वीकारले. कायदाच गेला, तर सूट-आदेशातील अटी कशा उरतील, असा विकासकांचा युक्तिवाद होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2014 मध्ये तो फेटाळला, कारण निरसन अधिनियमानेच कलम 20 खालील आदेशांना संरक्षण दिले होते. वाद सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर माजी न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांचा समावेश असलेली समिती नेमली गेली, आणि त्यानंतर शासनाने 2019 मध्ये वार्षिक बाजारमूल्याच्या ठरावीक टक्केवारीइतके एकरकमी अधिमूल्य भरून अटींतून मोकळे होण्याचा मार्ग खुला केला. घर देण्याचे दायित्व अशा रीतीने रक्कम भरण्याचे झाले. रखडलेल्या जमिनी मोकळ्या झाल्या हे खरे असले, तरी ज्यांच्यासाठी सूट दिली होती त्यांच्या वाट्याला त्यातून काय आले याविषयी मतभेद आहेत.

सध्याचे दायित्व ‘सर्वसमावेशक गृहनिर्माण’ या नावाने ओळखले जाते. 2013 मध्ये आलेली ही तरतूद डिसेंबर 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत कायम राहिली. तिच्यानुसार 4,000 चौ. मी. किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील गृहप्रकल्पात मूळ चटई क्षेत्र निर्देशांकाच्या (भूखंडाच्या प्रमाणात अनुज्ञेय बांधकामाच्या) 20 टक्के बांधकाम 30 ते 50 चौ. मी.च्या सदनिकांसाठी करावे लागते. निर्देशांक 1.10 धरल्यास 4,000 चौ. मी.च्या भूखंडावर हे क्षेत्र 880 चौ. मी. भरते, म्हणजे लहानात लहान आकाराच्या 29 सदनिका. त्यांचे वाटप म्हाडाच्या सोडतीने होते, व त्यांना भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय उरलेल्या प्रकल्पाला ते मिळत नाही. तथापि, ही तरतूद 10 लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या महापालिकांसाठी आहे. सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेची (स्थापना 1998) लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार 5,02,793 होती. त्यामुळे सातारा व सांगली हे जिल्हे म्हाडाच्या पुणे मंडळात असूनही सांगलीतील विकासकावर हा 20 टक्क्यांचा भार नाही, आणि जे दायित्वच नाही त्याच्या फेरनिर्धारणाचा प्रश्नही उद्भवत नाही.

उरतो तो विकास आराखड्यातील आरक्षणांचा मार्ग. ‘समावेशक आरक्षण’ या पद्धतीत मालक आरक्षणाचा काही भाग बांधून प्राधिकरणाला देतो व उरलेली जमीन स्वतः विकसित करतो. या वाटाघाटीत मालकाच्या हाती 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाचे कलम 127 असते : आराखडा अमलात येऊन 10 वर्षे लोटल्यावर त्याने खरेदी-सूचना दिली आणि 24 महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते.

सातारा : नगरपरिषद, लोकसंख्या (2011) सुमारे 1.2 लाख, हद्दवाढ 2020, कमाल धारणा कायदा येथे लागू नव्हता.