दिनविशेष : १० जुलै
१९४४ : इटलीतील टायबर नदीच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांना वीरमरण. कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यातील माणगाव तालुक्यातले घाडगे ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीत होते. शत्रूच्या मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतील इतर सर्व जण ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच पुढे धावले. ग्रेनेड फेकून त्यांनी मशीनगन निकामी केली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून मशीनगनवरच्या उरलेल्या दोघा शत्रुसैनिकांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवले. तेवढ्यात शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. वय अवघे २२ वर्षे. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसने त्यांचा गौरव झाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे, तर इटलीतील मोंतोने गावाने २०२३ मध्ये त्यांच्या नावाने छायाघड्याळाचे स्मारक उभारले.