ध्वनिमुद्रणाचा शोध आणि इतिहासाचे साधन म्हणून त्याचे महत्त्व

प्रस्तावना
ध्वनिमुद्रणाचा आरंभ सामान्यतः थॉमस एडिसनच्या १८७७ मधील फोनोग्राफपासून मानला जातो. तथापि त्यापूर्वी वीस वर्षे, म्हणजे १८५७ मध्ये, पॅरिसच्या एदुआर-लेओं स्कॉट द मार्तँव्हील याने ‘फोनोटोग्राफ’ या यंत्राचे पेटंट घेतले होते. या दोन शोधांमागील हेतूंचा भेद आणि त्यातून इतिहासाच्या अभ्यासकांपुढे उभा राहणारा साधनचिकित्सेचा प्रश्न यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लेखन आणि श्रवण
स्कॉट मुद्रणव्यवसायात काम करीत असे. त्याच्या यंत्राच्या कर्ण्यात बोलले असता टोकाचा पडदा कंप पावे व त्याला जोडलेला राठ केस काजळी धरलेल्या कागदावर नागमोडी रेषा उमटवी. उच्चार आपोआप लिहिला जावा आणि तो डोळ्यांनी वाचता यावा, एवढीच त्याची अपेक्षा होती. पुन्हा ऐकण्याची सोय यंत्रात नव्हती. एडिसनच्या यंत्रात दंडगोलावरील कथिलाच्या वर्खावर सुईने खाचा उमटत आणि त्याच खाचांवरून सुई फिरविली की आवाज परत ऐकू येई. १८७८ मध्ये एडिसनने यंत्राचे संभाव्य उपयोग मांडले, तेव्हा संगीताच्या आधी पत्रांचे श्रुतलेखन आणि अंधांसाठी पुस्तके यांचा उल्लेख केला.

साधनचिकित्सेचा प्रश्न
९ एप्रिल १८६० रोजी स्कॉटने एका फ्रेंच लोकगीताचा अंश कागदावर नोंदविला. २००८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी संगणकाच्या साहाय्याने त्या रेषांचे ध्वनीत रूपांतर केले, तेव्हा आवाज स्त्रीचा अथवा मुलीचा वाटला. दंडगोल हाताने फिरविला जात असल्याने त्याची गती अनियमित होती. ती निश्चित करण्यासाठी गाण्याशेजारीच नोंदविलेल्या नादकाट्याच्या कंपनांचा आधार घेण्यात आला होता. मात्र त्या नादकाट्याची वारंवारता दुप्पट धरली गेली होती. २००९ मध्ये ही दुरुस्ती होताच पुरुषाचा संथ स्वर ऐकू आला. तो बहुधा स्कॉटचाच असावा.

निष्कर्ष
यंत्राने केलेली नोंद निःपक्षपाती असते, हा समज येथे टिकत नाही. रेषा तीच राहिली. ती वाचण्याचे प्रमाण बदलताच गाणारी व्यक्ती बदलली. म्हणून बखरीची वा ताम्रपटाची चिकित्सा ज्या काटेकोरपणे केली जाते, त्याच काटेकोरपणे ध्वनिमुद्रणाचे माध्यम, गती आणि हेतू तपासणे आवश्यक आहे. ऐकण्यासाठी न केलेली नोंदही पुढे ऐकता आली, यावरून साधनाचे मोल त्याच्या निर्मात्याच्या हेतूपुरते मर्यादित नसते, हेही स्पष्ट होते.