हरवलेल्या टेबलाची ओढ : डन्जन्स अँड ड्रॅगन्सवर आधारित संगणकीय भूमिका-खेळ आणि चाहत्यांचे स्मरणरंजन

प्रस्तावना

इ. स. १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझल येथे सादर केलेल्या प्रबंधात ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द प्रथम योजला. त्या काळी ते एका व्याधीचे नाव होते. परमुलखात राहणाऱ्या स्विस तरुणांना जडणारी घराची जीवघेणी ओढ, असा त्याचा अर्थ. मराठीत रूढ झालेला ‘स्मरणरंजन’ हा शब्द त्या मानाने सौम्य आहे. त्यात झुरणे कमी आणि रमणे अधिक आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस निघालेल्या संगणकीय भूमिका-खेळांच्या चाहत्यांमध्ये या दोन्ही छटा आढळतात. परंतु त्यांच्या बाबतीत एक वेगळी अडचण आहे. ज्या घराची त्यांना ओढ लागली, ते घर परवान्यावर घेतलेले होते आणि परवान्याची मुदत संपताच ते मूळ मालकाकडे परत गेले. या स्मरणरंजनाचा पुढील प्रवास या मालकीच्या प्रश्नाने कसा घडवला, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

टेबलाकडून पडद्याकडे

अमेरिकेतील लेक जिनिव्हा या गावातून १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ टीएसआर या संस्थेने प्रसिद्ध केला. या खेळात पट नव्हता आणि जिंकणे-हरणेही नव्हते. चार-सहा मित्र टेबलाभोवती बसत. प्रत्येकजण योद्धा, जादूगार, चोर अशी एखादी भूमिका घेई. त्यांच्यातील एकजण सूत्रधार होऊन प्रसंगाचे वर्णन करी. दार फोडायचे की वाटाघाट करायची हे खेळाडू सांगत. ते साधले की नाही हे फासे ठरवत. कीर्तनकाराने आख्यान लावावे आणि श्रोत्यांनीच पुढे येऊन ‘आता राजा असे करील’ म्हणून कथा वळवावी, असा हा प्रकार होता. त्यासाठी भूगोल, देवदेवता आणि इतिहास असलेली कल्पित विश्वे रचली गेली. एड ग्रीनवुड या कॅनडातील ग्रंथालय-कर्मचाऱ्याने बालपणापासून मनात वाढवलेले ‘फरगॉटन रेल्म्स’ हे विश्व टीएसआरने १९८७ मध्ये प्रकाशित केले.

हे विश्व पडद्यावर आणण्याचा परवाना युद्धखेळ तयार करणाऱ्या एसएसआय या कंपनीला मिळाला. तिचा ‘पूल ऑफ रेडियन्स’ १९८८ मध्ये आला आणि सोनेरी खोक्यांमुळे ‘गोल्ड बॉक्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मालिकेचा आरंभ झाला. फ्लॉपी डिस्कवर जागा अपुरी असल्याने कथेचा मोठा भाग सोबतच्या छापील पुस्तिकेत होता. खेळ मध्येच थांबून सांगे, पुस्तिकेतील अमुक क्रमांकाची नोंद वाचा. खेळाडू पाने उलटून ती वाची. काही नोंदी मुद्दाम खोट्या घातलेल्या होत्या, म्हणजे आगाऊ वाचणारा फसावा! तंत्रज्ञानाच्या या उणिवेमुळे पडद्यासमोर एकट्याने बसलेल्या खेळाडूच्या हाती पुन्हा कागद आला आणि टेबलाचा थोडा अंश टिकून राहिला.

सूत्रधाराची जागा यंत्राने घेतल्याने जे गमावले गेले, त्याची जाणीव निर्मात्यांनाही होती. कॅनडातील एडमंटन येथे वैद्यकाच्या पदवीधरांनी स्थापन केलेल्या बायोवेअर या संस्थेचा ‘बाल्डर्स गेट’ १९९८ मध्ये पाच सीडींवर आला. त्याच्या माहितीपुस्तिकेत ग्रीनवुडचा म्हातारा जादूगार एल्मिन्स्टर आणि प्रवासवर्णनकार व्होलो हे दोघे शेरे मारत, परस्परांशी वाद घालत असल्याची योजना होती. खेळाडू सहा जणांची टोळी घेऊन हिंडे. लढाई सलग चाले, पण कळ दाबताच थांबे, आणि थांबलेल्या क्षणी प्रत्येकाला हुकूम देता येत. पडद्यामागे टेबलाचेच नियम आणि फाशांचीच गणिते चालू असत. पुढे याच संस्थेने ‘नेव्हरविंटर नाइट्स’ (२००२) मध्ये खेळाडूंना स्वतःची साहसे रचण्याची साधने दिली आणि सूत्रधाराची खुर्चीही परत मांडली.

येथे एक बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. या खेळांच्या चाहत्यांपैकी अनेकजण मूळ टेबलापाशी कधी बसलेच नव्हते. ‘प्लेनस्केप’ या विश्वाचे उदाहरण बोलके आहे. झेब कुक यांनी रचलेले हे विश्व १९९४ मध्ये टेबलासाठी प्रसिद्ध झाले आणि १९९८ मध्ये ती मालिका बंद पडली. त्यावर आधारित ‘प्लेनस्केप : टॉरमेंट’ हा ब्लॅक आइल स्टुडिओचा संगणकीय खेळ आला तो त्यानंतर, १९९९ च्या डिसेंबरात. शवागारात जागा होणारा, स्वतःचे नाव विसरलेला नायक. तलवारीपेक्षा बुद्धी आणि शहाणपण यांना दिलेले मोल. आणि कादंबऱ्यांच्या जाडीला लाजवील एवढा मजकूर. हा खेळ त्या वेळी फारसा खपला नाही, पण ज्यांनी खेळला त्यांनी तो मनात जपला. त्यांच्यातील कित्येकांसाठी प्लेनस्केप म्हणजे हा एकच खेळ. मूळ वस्तू पाहिलीच नाही आणि तिच्या प्रतिबिंबासाठी मात्र जीव तुटतो, अशी ही स्थिती आहे. तिला खोटी म्हणून बाजूला सारणे सोपे असले तरी ते योग्य ठरणार नाही. नाट्यसंगीताच्या ध्वनिमुद्रिकांवर वाढलेला रसिक कधीही न पाहिलेल्या नाटकासाठी हळहळतो, तेव्हा त्याची हळहळ खरीच असते.

परवाना संपल्यानंतर

टीएसआर आर्थिक डबघाईला येऊन १९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टकडे गेली आणि १९९९ मध्ये ती कंपनी हॅस्ब्रोने घेतली. संगणकीय खेळांचा प्रकाशक इंटरप्ले हाही अडचणीत होता. त्याच्या ब्लॅक आइल स्टुडिओत ‘बाल्डर्स गेट’चा पुढील भाग तयार होत होता, परवान्याचा तिढा निर्माण होऊन २००३ मध्ये ते काम थांबले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात स्टुडिओही बंद झाला. एवढ्या मोठ्या वाचकवर्गाच्या कथेचा शेवट कराराच्या कागदावर झाला, असे म्हणण्यास हरकत नाही.

या पुढच्या काळात स्मरणरंजन कामाला लागले. चाहत्यांनी पदरमोड करून दोष दुरुस्त केले, वगळलेले प्रसंग परत बसवले, पहिल्या ‘बाल्डर्स गेट’ची कथा दुसऱ्या भागाच्या सुधारलेल्या यंत्रणेत चालेल अशी सोय केली. ‘व्हॅम्पायर : द मॅस्करेड – ब्लडलाइन्स’ हा ट्रॉइका या संस्थेचा खेळ नोव्हेंबर २००४ मध्ये अर्धाकच्चाच बाजारात आला आणि काही महिन्यांतच संस्था बंद पडली, त्याची डागडुजी चाहते पुढे अनेक वर्षे करत राहिले. यातील कायद्याची बाजू नाजूक आहे. ज्या वस्तूची देखभाल केली, तिच्यावर देखभाल करणाऱ्यांचा कोणताही हक्क नव्हता. आणि मालकांकडे तरी काय उरले होते? २०१२ मध्ये ‘बाल्डर्स गेट’ची सुधारित आवृत्ती काढताना मूळ चित्रसामग्री हरवल्याचे आढळले. ती आवृत्तीही करारातील वादामुळे २०१३ च्या उन्हाळ्यात काही आठवडे विक्रीतून काढून घ्यावी लागली. अभिलेखागाराचे जे काम संस्थांनी करावयाचे, ते हौशी मंडळींच्या संगणकांवर झाले. इतिहासाच्या अभ्यासकांनी हा भाग केवळ करमणुकीचा म्हणून सोडून देणे परवडणारे नाही.

नाव एकीकडे, रीत दुसरीकडे

स्वेतलाना बोयम यांनी २००१ मध्ये स्मरणरंजनाचे दोन प्रकार मांडले. एक हरवलेले घर जसेच्या तसे पुन्हा उभारू पाहतो. दुसरा ते हरवल्याचे मान्य करून त्या ओढीतच रेंगाळतो. भूमिका-खेळांच्या संदर्भात या विभागणीला एक पुरवणी जोडावी लागते. येथे घर उभारण्याची इच्छा असणाऱ्यांपुढे प्रश्न होता की घर म्हणजे नेमके काय? कल्पित विश्व, त्यातील शहरे व देवता, म्हणजेच नाव, ही कंपनीची मालमत्ता. टोळी घेऊन हिंडण्याची, थांबवून हुकूम देण्याची, पानेच्या पाने वाचण्याची रीत मात्र कोणाच्याही मालकीची नाही. चाहत्यांच्या मनात ही दोन्ही एकजीव होती. बाजारात ती विभक्त झाली.

ब्लॅक आइलमधून बाहेर पडलेल्या मंडळींनी स्थापन केलेल्या ऑब्सिडियन या संस्थेने २०१२ मध्ये थेट चाहत्यांकडे वर्गणी मागितली. अपेक्षा ११ लाख डॉलरची होती. सुमारे ७४ हजार लोकांनी ३९ लाखांहून अधिक डॉलर दिले. त्यातून ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’ (२०१५) घडला. रीत अगदी जुनी, परंतु परवाना नसल्याने विश्व नवे आणि नियमही नवे. शत्रूंना मारल्याबद्दल मिळणारे अनुभवाचे गुण त्यात जवळजवळ नव्हते. निर्मात्यांच्या दृष्टीने ही सुधारणा होती. पण काही जुन्या खेळाडूंना ती खटकली. जुन्या नियमांतील दोषांवरही त्यांचे प्रेम जडले होते. ‘टॉरमेंट : टाइड्स ऑफ न्युमेनेरा’ (२०१७) या खेळासाठी तर ४१ लाख डॉलरहून अधिक वर्गणी जमली. त्याचे विश्व मॉन्टी कुक यांच्या टेबल-खेळातून घेतले होते आणि कुक हे पूर्वी प्लेनस्केपचे लेखक होते. म्हणजे मालमत्ता टाळून वंशावळ मात्र राखली गेली. लढाई सलग असावी की पाळीपाळीने, यावर वर्गणीदारांचे मत घेतले गेले आणि जुन्या रीतीचा पराभव झाला.

याच्या उलट घडले ते बेल्जियममधील लॅरियन या संस्थेच्या बाबतीत. तिला नावाचा परवाना मिळाला. तिचा ‘बाल्डर्स गेट ३’ ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण स्वरूपात आला, प्रचंड गाजला आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातील सर्वोत्तम खेळ ठरला. शहर तेच, पण कथा आधीच्या भागांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी घडणारी, टोळी सहाऐवजी चारांची, लढाई पाळीपाळीने. हा ‘बाल्डर्स गेट’ नव्हेच, अशी तक्रार काही जुन्या चाहत्यांनी केली. मौज अशी की पाळीपाळीने खेळणे ही टेबलाचीच मूळ पद्धत. १९९८ च्या खेळाने ती बदलली होती. लॅरियनचा खेळ टेबलाच्या अधिक जवळ गेला आणि नेमक्या त्याच कारणाने स्मरणातील खेळापासून दूर गेला. चाहत्यांचे खरे घर टेबल नव्हते, १९९८ चा पडदा होता, हे या तक्रारीतून उघड होते.

‘पूल ऑफ रेडियन्स’ आता पुन्हा विकत मिळतो. सोबत पुस्तिकेची संगणकीय प्रत येते. ठरावीक ठिकाणी खेळ आजही थांबतो आणि नोंद वाचण्यास सांगतो. खेळाडू तो पडदा बाजूला सारतो आणि दुसऱ्या चौकटीत पुस्तिकेचे पान शोधू लागतो.